आहेराची वही

अक्षर बरं म्हणून मला टेबलावर बसवलं.
फैजपूर, वैशाख, भंगाळ्यांच्या धाकटीचं लग्न.
मागे बट्ट्या तुपात पडताहेत,
कढईतली वांगी चार जण घोटताहेत
आणि माझ्यासमोर दोन वह्या:
एक कोरी,
एक थोरलीच्या लग्नातली,
कोणी तेव्हा किती दिलं होतं ते बघून घ्यायला.

एकशे त्रेचाळीसाव्या ओळीवर मी सापडलो.
मुरलीधर फेगडे, एक्कावन्न रुपये.
गावात मुरलीधर फेगडे तिघं,
म्हणून पुढे कंसात, ओळख पटावी इतकंच:
पंख्याखालचे.

चष्मा पुसून पुन्हा वाचलं.
चाळीस वर्षं मी स्वतःला सांगत आलो
की आपण वेळ पाळणारा माणूस,
लग्न लागायच्या तासभर आधी हजर,
कुणाच्या अध्यात ना मध्यात,
मिळेल ती खुर्ची घेतो.
तिच्यावर पंखा असायचा.
दर वेळी असायचा?
एकेक लग्न आठवून पाहिलं,
सावदा, न्हावी, चिनावल.
सगळ्यांत माझे केस उडताहेत.

अक्षर वसंत झोप्यांचं. ते गेले परवाच्या दिवाळीत.
आता भांडायचं कुणाशी?

आणि घरी, लोखंडी कपाटात, माझ्या नितीनच्या लग्नाची वही.
तीही मीच लिहिलेली, याच बऱ्या अक्षरात.
डिगंबर वारके (भावाशी बोलत नाहीत ते).
सिंधूबाई (मोठ्याने हसणारी).
सिंधूबाई हसताना तोंडावर पदर धरते.
तिच्या मते
ती फार हळू हसते.

"लिही, त्र्यंबक नारखेडे."
पाकीट पुढे आलं, त्यामागे काठी.
"कोणते?" म्हणालो, कारण त्र्यंबकही दोन,
आणि उत्तर यायच्या आत
कंस उघडून मी "लं" काढलासुद्धा.
"पोहनारा लिही ना रे भो.
तापी पोहेल हाये मी, भर पुरात,
इकडून तिकडे अन् वापस."
मागे रांगेत कुणीतरी खुसखुसलं.
म्हाताऱ्याने वळून पाहिलं नाही.
तो माझ्या पेनाकडे बघत होता,
शाळेत पाटी तपासतात तसा.

"लं" खोडला. खोडलेला दिसतोच,
निळ्या शाईचा छोटा गुंता.
त्यापुढे लिहिलं: पोहणारे. एकशे एक.
तो काठी टेकत बट्ट्यांच्या वासाकडे गेला.
मी त्याच्या पाठीकडे बघत राहिलो.
खांदे खरंच रुंद होते.
इतक्या वर्षांत
खांद्यांपर्यंत माझी नजर कधी गेलीच नव्हती.

शेवटी माझंच पाकीट उरलं.
नाव लिहिलं, आकडा लिहिला, कंस काढला
आणि पेन तसंच धरून बसलो.
विचार करत होतो, शप्पथ,
काहीतरी खरं आठवायचा प्रयत्न करत होतो.

तेवढ्यात भंगाळ्यांचा नातू आला,
उंच पायांचा फर्राटा फरपटत, वायर ओढत.
"आबा, तुमच्याकडेच वळवतो."

पानं फडफडायला लागली.
रिकाम्या कंसावर मी तळहात दाबून ठेवला.
नको म्हणायला हवं होतं.
हवा बरी लागत होती.