सात फुटी

खिडकी मोजायला घरात टेप नव्हता.
शरयूच्या दप्तरातली पट्टी घेतली, तीस सेंटिमीटरची,
चौकटीवर पेन्सिलीच्या खुणा करत खाली आले.
चार पट्ट्या आणि वर चार बोटं.
शरयू म्हणाली, आई, बोटं चालत नसतात, आकडा लिही.
आकड्यावर माझा भरवसा नाही.
जुनी ओढणी लावली खिडकीला,
चौकट संपली तिथं गाठ मारली
आणि ओढणीच पिशवीत घालून स्टेशन रोडला गेले.

वाजीदभाईंचं दुकान म्हणजे जिन्याखालची जागा.
पडद्यामागं पडदा, त्याच्यामागं पडदा,
भिंत कुठं आहे ते त्यांनाच ठाऊक.
"खिडकीला पाच फुटी, दरवाजाला सात फुटी.
नऊ फुटी बंगलेवाले नेतात."
मी गाठ दाखवली. ते हसले नाहीत.
गळ्यातला टेप काढून ओढणी मोजली,
चार फूट दोन इंच.
"रंग कोणता दाखवू ताई?"

मी म्हणाले, अंधार दाखवा.

आमचे हे सबस्टेशनला असतात. रात्रपाळी.
अर्ध्या परभणीचे पंखे फिरावेत म्हणून जागतात,
फीडर ट्रिप झाला की फोनवर शिव्या खातात,
कोणाच्या, ते सकाळी सांगत नाहीत.
आठला घरी येतात. ऊनही आठलाच येतं,
एप्रिलात तर चप्पल न काढताच आत शिरतं.
वर्षभर काचेला पेपर चिकटवला होता.
तो पिवळा पडला, मग पापडासारखा मोडला,
काचेवर उलटी अक्षरं राहिली, कुठल्याशा लिलावाची नोटीस.
तेव्हापासून तोंडावर टॉवेल टाकून झोपतात.
टॉवेल घसरला की मी परत टाकते.
आपल्या माणसाच्या तोंडावर असं सारखं कापड ओढणं
मला बरं वाटत नाही.

"बब्बू, इकडं ये. मोबाइल लाव."
पोरगं पडद्यामागं उभं राहिलं, टॉर्च लावून.
फुलाफुलाच्या क्रीममधून त्याची बोटं मोजता आली.
मरूनमधून नुसता गोळा दिसला, मावळतीसारखा.
मग कॉफी रंगाचा, जाड, आतून काळा थर दिलेला.
बब्बू गेलाच.
"हे घ्या तुमचा अंधार. जोडी साडेसहाशे."

पर्समध्ये चारशे, रिक्षाचे वीस वेगळे.
मी पडदा परत घडी घालू लागले, उगीच नीट,
काठाला काठ लावून.
वाजीदभाईंनी माझ्याकडं पाहिलं नाही,
वर चढले, माळ्यावरून एक काढून झटकला.
"सात फुटी आहे. याचा जोडीदार गेला कुठंतरी.
शोकेसला लटकून घडीवर उडालाय, बघून घ्या.
एकटाच लावला तर ताणून बसेल, चुण्या पडणार नाहीत."
चुण्या काय करायच्यात, म्हटलं, झोप पाहिजे.
तीनशे म्हणाले. दोनशे ऐंशीला दिला,
वर दोन स्टीलच्या कड्या, एखादी निघाली तर.

दांडी म्हणून ह्यांनीच आणलेला लाइटफिटिंगचा पाइप,
दोन खिळ्यांवर.
खाली जवळजवळ तीन फूट पडदा जमिनीवर लोळतोय.
शेजारच्या कुसुमताई म्हणाल्या, कापून टाक, उशीचे अभ्रे होतील.
नाही कापला.
घर भाड्याचं आहे.
पुढची खिडकी केवढी असेल कोणाला माहीत.

आज सकाळी आले, जेवले, आडवे झाले.
मी पडदा ओढला आणि खोलीत आठ वाजता
रात्रीचे आठ वाजले.
मला माझाच हात दिसेना, पदर खिळ्याला अडकला.
थोड्या वेळानं ते उठले, चाचपडत खिडकीकडं गेले,
मधून उजेडाची एक उभी रेघ येत होती म्हणून
दोन्ही बाजूंनी कापड जवळ ओढू लागले.
रेघ मिटेना.
बोट लावून पाहिलं त्यांनी. फट नव्हती.
कापडच होतं तिथं, उडालेल्या रंगाचं.
"नुसता रंगच आहे की," म्हणाले,
आणि टॉवेल खुर्चीवर टाकून झोपले.