थ्री-एल

लेबल छापायच्या यंत्रात ळ नाही.
देवनागरीच नाही म्हणा, पण मला आठवला तो ळ.
डंडीच्या बाजारातल्या दुकानदाराने दोनदा तपासलं,
"सॉरी, हेन," म्हणाला,
इथे बाईमाणसाला कोंबडीच म्हणतात, प्रेमाने.

मग कात्री, जाड कागद, शाईचं पेन.
जेवणाच्या टेबलावर सतरा बाइंडर,
मार्चमध्ये नऊ होते.
आम्ही ओट्याशी उभ्याने खिचडी खातो.
यशवंत म्हणतो, तिकिटांना खुर्च्या दे,
मी जिन्यात बसतो.

तळमजल्यावरचे गेडिस वृद्धाश्रमात गेले
तेव्हा त्यांच्या मुलीने हे सगळं
केळ्यांच्या खोक्यांत भरून वर आणलं.
"तुम्ही रेकॉर्डला होता ना?"
होते. एकतीस वर्षं, इस्पितळाच्या तळघरात
दुसऱ्यांची दुखणी क्रमाने लावली.
आडनाव, जन्मतारीख, रंगीत पट्टी. संपलं.

देश असे लागत नाहीत.
युगोस्लाव्हिया त्याच्या नावाने ठेवू
की पोरांत वाटून टाकू?
भोर संस्थानाचं एक तिकीट निघालं, अर्ध्या आण्याचं.
एकट्याला आख्खं पान द्यायचं?
दिलं.
मिरजेच्या बाईने नाही द्यायचं तर कुणी?
आणि ब्रिटन तर तिकिटावर
स्वतःचं नावच घालत नाही.
नुसता राणीचा चेहरा, ओळखा.
पाटलाला पत्ता विचारावा
आणि त्याने मिशीला पीळ द्यावा, तसं.

कण्यावर लेबल उभं चिकटवलं
की शिरोरेघेची काठी होते,
अक्षरं तिच्या डावीकडे फडकतात.
नॉर्वे. पेरू. पोर्तुगाल.
"किरकोळ" सगळ्यात जाड.
त्याच्या कड्या मिटत नाहीत,
वर रबर लावलंय.

भारत मात्र सापडेना.
आयमध्ये आइसलँड, आयर्लंड, इराण, इटली,
गेडिसांची बारीक पेन्सिल सगळीकडे,
आणि भारत नाही.
मला थोडा रागही आला. इतकी वर्षं
जिन्यात भेटले की विचारायचे,
"घरून काही आलं का?"
आणि मी पत्र वाचून झालं की
आंतरदेशीचा नव्हे, विमानपत्राचा, निळ्या,
कोपरा कापून द्यायचे.

शेवटच्या खोक्यात, हिरव्या बाइंडरवर होतं
पेन्सिलीने: थ्री-एल.
मला वाटलं कॅटलॉगचा नंबर.
मग दाराकडे नजर गेली.
तिसरा मजला, डावं दार.
आम्ही.

सगळे कोपरे होते. छप्पन्न.
छापील तिकिटं, ती सुटी होत नाहीत,
म्हणून त्यांनी कागदासकट ठेवलेली,
पारदर्शक खिशांत, दोन्ही बाजू दिसतील अशी.
मागे मुकुंददादाचं अक्षर.
"…ला वेळ मि…"
"…डोळ्यांचं ऑप…"
"…आंबा मोहरला प…"
पत्रं मी ठेवली नाहीत.
स्वयंपाकघर नवं केलं त्या वर्षी
तीन पिशव्या खाली नेऊन टाकल्या होत्या,
बहुतेक गेडिसांच्याच डब्याशेजारी.

दादाला जाऊन अकरा वर्षं झाली.
आंबा मोहरला पण काय?
मी बराच वेळ पण, पण करत बसले.
तो पण नसेलही. परवा असेल. परसातला असेल.

यशवंत म्हणाला, लिही भारत,
नाहीतर मलाही सापडायचा नाही.
मी पेन उघडलं, बंद केलं.
पेन्सिल फिकी पडली होती, तेवढी गिरवली.
थ्री-एल.
यात ळ लागलाच नाही.

उद्या अठरावा आणायला हवा.
किरकोळसाठी.