ठिपक्यांची रेघ

फॉर्म भरायचं काम माझ्याकडे.
डॉक्टरा किन्तेरोस मार्चअखेर निवृत्त होतात
आणि सान्तियागोहून चौदा रकान्यांचा कागद आलाय:
एकूण शोधनिबंध, एकूण संदर्भ,
सर्वाधिक संदर्भ मिळालेला निबंध,
आणि तळाशी 'प्रभाव',
पुढे ठिपक्यांची रेघ, एक वाक्य मावेल एवढी.

खिडकीबाहेर कामान्चाका उतरलंय,
धक्क्यावर खांब आहे की पेलिकन
ते हलल्याशिवाय कळत नाही असलं धुकं.

मी मोजतो.
त्रेचाळीस निबंध.
सर्वांत वर, दोन हजार एकशे सहा संदर्भांचा,
पावणेदोन पानांची एक टीप:
एरिसोची अंडी कुठल्या पाण्यात धुवावीत.
समुद्राचंच पाणी, फक्त त्यातलं कॅल्शियम काढलेलं,
मग किती थंड, किती वेळ, किती हलक्या हातानं.
तोच प्रश्न विचारणारी पत्रं येत राहिली,
उत्तरं लिहून मनगट दुखायला लागलं,
म्हणून एका रविवारी बसून छापायला पाठवली म्हणे.

आणि हा दुसरा, सतरा वर्षांचा.
पेशीच्या दोन पेशी होतात तेव्हा
अगदी शेवटी दोघींमध्ये एक धागा उरतो.
तो कोण तोडतं, कधी,
आणि तुटलेलं टोक कुणाच्या पदरात पडतं,
हे रात्री अडीचला
एका डोळ्यावर तळहात ठेवून
दुसऱ्या डोळ्याने बघितलेलं.
नऊ संदर्भ.
त्यातले चार त्यांचे स्वतःचेच.
एक कुणी ओर्हुसचा माणूस लिहितो की किन्तेरोस चुकल्या.
यंत्राला काय, शिवी आणि शाबासकी एकाच मापात;
तोही एक धरलाय.

"हा वजा करू का?" मी विचारलं.
त्या काचपट्ट्या पुसत होत्या.
"राहू दे. त्यानं निदान शेवटपर्यंत वाचलं होतं."
मग पट्टी उजेडात धरून,
"तिसऱ्या तक्त्याबद्दल त्याचं बरोबरही होतं."

शेवटपर्यंत म्हणजे कुठपर्यंत, म्हणून मी पानं उलटली.
शेवटी बारीक अक्षरांत आभार असतात.
साबास रिवेरोस, पाणबुड्या.
दर मंगळवारी सकाळी सातला ओलं पोतं.
ज्या वर्षी समुद्र तापला आणि उथळातले एरिसो मेले
त्या वर्षी तो बारा वाव खाली गेला,
वर आला तेव्हा पोतं अर्धं होतं
आणि डावा कान कायमचा बंद.
यंत्र आभार वाचत नाही.
मी हाताने मोजले: बेचाळीस निबंधांत त्याचं नाव.
एकात नाही.
तो पाण्याचा.

"संपादकानं कापलं," त्या म्हणाल्या. "पानात जागा नव्हती."
पट्टी पुसून झाली होती, तरी पुसत राहिल्या.
"त्याला वाचता येत नव्हतं. मी मोठ्यांदा वाचून दाखवायचे,
उजव्या बाजूला बसून.
त्या वेळी नाव मधेच घुसवून वाचलं."

यावर काय बोलायचं ते मला सुचलं नाही.
मी कारकून माणूस. पेन ठिपक्यांवर टेकवून बसलो,
एका ठिपक्याचा हळूहळू डाग झाला.

बाहेर कुणीतरी दार ठोठावलं. आज मंगळवार.
साबासचा पुतण्या, पोतं घेऊन;
त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की आता नको.
परत कसं पाठवणार?
निम्मे आम्ही लिंबू पिळून खाल्ले, उभ्या उभ्या,
पाव नव्हता.
उरलेल्यांतल्या एका मादीची अंडी
त्यांनी धुतली, त्याच पाण्यात.

दुपारी सान्तियागोचा फोन वाजला.
त्यांनी मला खुणेनं बोलावलं, खुर्ची सरकवली,
माझाच तळहात उचलून माझ्या डाव्या डोळ्यावर ठेवला.
"वाजू दे," म्हणाल्या.
"धागा अजून आहे."