उसना एक

मंगळवारी चार वाजता शेफील्डच्या चढावरच्या वाचनालयात
हीटर खडखडतो त्या टेबलाशी माझी शाळा भरते.
म्हणजे मी बसते,
आणि मुलं ओले कोट खुर्च्यांना अडकवून
वह्या काढायचं लांबवत राहतात.

लिबान सोमालीत मोजतो, इंग्रजीत उत्तर देतो.
रीसच्या सात पिढ्या याच टेकडीवर,
तरी सातचा पाढा त्यालाही परका.

झानेता स्लोव्हाकियाहून आलीये, वय नऊ.
तिच्यापुढे चारशे दोन वजा एकशे सदतीस.
दोनातून सात जात नाहीत, मी सांगते,
शेजारी दशकाच्या घरी जाऊन एक उसना मागायचा.
तिथे शून्य.
"त्याच्याकडेच काही नाहीये,"
ती माझ्याकडे अशी बघते,
जणू मीच तिला त्या बिचाऱ्याचं दार वाजवायला लावलं.

मग शून्य जातं शतकाच्या दारी,
दहा आणतं, नऊ ठेवतं, एक आपल्याला देतं.
तिकडे चाराचे तीन होतात.

हे तिला समजवावं लागत नाही.
मागच्या शुक्रवारी मीटरमधले पैसे संपले,
आई खालच्या मजल्यावर गेली, त्यांच्याकडेही नव्हते,
त्या बाई आपल्या बहिणीकडे गेल्या.
रात्री दोन्ही घरांत दिवे.

दोनशे पासष्ट. बरोबर.
तरी पेन्सिल खाली ठेवत नाही.
"आणि परत कधी द्यायचा?"

साठ वर्षं मी वजाबाक्या करत आले,
बँकेत तर पगार घेऊन केल्या.
आमचे गुरुजी म्हणायचे, उसना घ्या नि पुढे चला.
चालत आले पुढे.

एकोणऐंशीच्या थंडीत
मिसेस स्टॅनिफोर्थनी दार अर्धंच उघडून
मीटरसाठी पन्नास पेन्सचं नाणं दिलं होतं,
माझं नावसुद्धा न विचारता.
पुढच्या महिन्यात आम्ही घर बदललं.

"नाही द्यावा लागत," मी म्हणते. "गणितात."

झानेता ऐकून घेते.
मग समासात, अगदी बारीक अक्षरात लिहिते:
चाराचा एक देणं आहे.

शाळेत यावर लाल रेघ येणार.
खोडरबर माझ्याच हातात असतं,
तेवढ्यात लिबान ते मागतो.
दोनच मिनिटं, म्हणतो.