फ्लेअर बघायला

आज जाळ मोठा आहे,
असं नाक्यावरच्या पानवाल्यानं सांगितलं
आणि जेवणं उरकून आम्ही निघालो
हसुरामच्या टेम्पोतून, ज्यात पहाटे बर्फ आणि बोंबील असतात.
मागे सात जण, एक ताडपत्री,
आणि मधोमध प्लास्टिकच्या खुर्चीत गोमीआत्या.
कालपर्यंत डोळ्यावर पट्टी होती, आज काळा चष्मा.
उजेडाकडे बघायचं नाही, डॉक्टरांनी बजावलेलं.
तिनं मान डोलावली होती,
आणि टेम्पोत सगळ्यांच्या आधी चढली.

खाडीच्या बांधावर अर्धं उरण.
कोणीतरी चणेवाल्यालासुद्धा फोन करून बोलावलेलं.
कुंपणापलीकडे चिमणी, आणि वर
ती एरवीची वातीएवढी ज्योत,
आज पदर सुटल्यासारखी वाऱ्यावर.

आवाज आधी पोटात येतो, मग कानात.
शंभर स्टोव्ह पेटवून कोणी विसरून गेल्यासारखा.
वॉचमन आला, फोटो काढू नका म्हणाला,
मग जरा बाजूला जाऊन
गावाकडच्या मुलीला व्हिडिओ कॉलवर जाळ दाखवत राहिला.

कोणी म्हणे कॉम्प्रेसर बसला.
दिन्या आत कंत्राटावर आहे, तो म्हणाला,
जास्तीचा गॅस जाळावाच लागतो, नाहीतर भलतंच होईल.
माझ्या बायकोनं सिलेंडरचा भाव सांगितला.
पुढे काही बोलली नाही.

तिवरांत बगळे जागे.
उडत, बसत, परत उडत,
पंखांची खालची बाजू केशरी.
साडेदहाला गावातला एक कोंबडा आरवला,
दुसऱ्यानं त्याला उत्तर दिलं,
लोक हसले.

आत्या नाही हसली.
वीज गेली की याच उजेडात
अंगणात सूप घेऊन तिनं जवळा निवडलाय वर्षानुवर्षं.
मोतीबिंदू पिकत गेला तसा
जाळ पसरत गेला तिच्या डोळ्यांत आभाळभर.
"आता नीट बघ," मी म्हटलं.
तिनं चष्मा उचलला,
कोयत्याची धार तपासावी इतकंच बघितलं.
"यवराच?
मना वाटला, लय मोटा हाय."

मग खुर्ची फिरवायला लावली. जाळाकडे पाठ.
समोर आम्ही, उजळून निघालेले,
हातात चण्याच्या पुड्या.
एकेकाला बघत गेली सावकाश,
हसुरामच्या भुवईवरचा व्रण,
दिन्याच्या पोरीचा पडलेला दात,
माझ्यापाशी थांबली.
"तू कवा म्हातारा झालास रं?"

सव्वाअकराला जाळ एकदम खाली बसला.
खाडीचं पाणी ऐकू यायला लागलं.
आणि आम्हांला काही दिसेना:
जिथं बघावं तिथं एक हिरवा डाग,
बांधावर, पायांवर, एकमेकांच्या तोंडावर.
आत्या उठली. माझं मनगट धरलं,
माझ्यामागे बायको, तिच्यामागे पोरं,
टेम्पोपर्यंत तिनं माळेसारखं नेलं सगळ्यांना.
"आसाच," ती चालता चालता म्हणाली,
"आसाच दिसाचा मना."