अक्षराला दोन पैसे

पारसिकच्या डोंगरातला काळा दगड
कळव्याहून पडावात घातला, चेंदणीच्या धक्क्यावर उतरवला.
चौघांचे खांदे सोलले.
गुप्ते कारकुनाने कागद पुढे केला :
"जसं आहे तसं खोद, यल्लप्पा. अक्षराला दोन पैसे."
मला वाचता येत नाही.
मी मोजतो.

पहिल्या ओळीत साहेबाचं नाव. एडमंड पेनफोल्ड.
लांब आहे. बरं झालं.

दुसरी ओळ गुप्त्यांनी वाचून दाखवली :
सतराव्या वर्षी पलटणीत, मग सिंधच्या वाळूत लढाई.
डाव्या हाताची दोन बोटं तिथंच राहिली,
हे कागदात नव्हतं.
विचारलं तर म्हणाले, बोटांचं काय लिहायचं असतं?

तिसरी ओळ : ताप जडला, पलटण सुटली,
सरकारने ठाण्याचे पोलीस त्याच्या हाती दिले.
तिच्यात एक अक्षर वेटोळ्या सापासारखं,
त्याच्यावर अख्खी सकाळ गेली.

साहेब मी पाहिलेला.
मासुंद्याच्या काठी शिपायांना पलटणीसारखं चालवायचा,
मागून कोळ्यांची पोरं तश्शीच पाय आपटत.
मराठी बोलायचा. "माझी घोडा कुठे गेली?"
कोणी हसायचं नाही.
घोडासुद्धा.

आणि मिठागरावरचा पदू आगरी.
चिंबोऱ्या शिजवायच्या होत्या घरी,
मूठभर मीठ कमरेला बांधून निघाला.
साहेबाने गाठ सोडायला लावली,
तीन बोटांच्या पंजावर मीठ घेतलं,
तागडीशिवाय तोललं,
म्हणाला, "ही चोरी आहे."
त्या दिवशी व्याकरण बरोबर होतं.
बारा फटके, किल्ल्यातल्या तुरुंगात सहा महिने.
पदू अजून पालथा झोपतो.

काल आला. दगडाशी उकिडवा बसला.
"यात माझं कुठं आहे?"
काय सांगणार? सापाचं अक्षर दाखवलं.
त्याने शेपटीपासून तोंडापर्यंत बोट फिरवलं,
मग उलटं, तोंडापासून शेपटीपर्यंत.
"गुळगुळीत केलंयस," म्हणाला.

आज गुप्त्यांनी हिशेब केला, एकशे चार अक्षरं.
"मधले ठिपके अकरा आहेत," मी म्हणालो.
"ठिपक्यांचे पैसे नसतात."

नसू देत.
ठिपकेच मी सगळ्यांत खोल घेतलेत.
एकात पदूने करंगळी घालून पाहिली,
पेरभर आत गेली.