तुलनेसाठी एकशे सत्तावीस

टॉडमॉर्डनला मोकळं आभाळ वर्षाकाठी साठ रात्री,
त्यातही निम्म्या रात्री चंद्र मध्येच कडमडतो.
उरलेल्या रात्री मी आणि अर्नल्ड सटक्लिफ
त्याच्या कोंबड्यांच्या जुन्या खुराड्यात बसतो;
छप्पर रुळांवरून मागे ढकललं
की दुर्बीण उघडी पडते, आणि आमची डोकीही.

त्याच्या वहीत या एका ताऱ्याची एकतीस वर्षं आहेत:
पंधरापेक्षा मंद. मंद. मंद. ढग. मंद.
दोनदाच लाल शाईने वेळ, मिनिटासकट.
दिसला नाही, हेही लिहायचं असतं,
तो पहिल्या थंडीत म्हणाला.
मी दिवसभर हॅलिफॅक्सला रक्ताच्या काचा तपासते,
मला समजवावं लागलं नाही.

तारा एक नाहीच, जोडी आहे.
एक विझत आलेला, पृथ्वीएवढा, पण भलता जड;
दुसरी तांबूस, काठोकाठ, त्याच्याकडे सांडणारी.
सांडलेलं सरळ पडत नाही, गरगरत साचतं,
वर्षानुवर्षं साचतं,
आणि मग एका रात्रीत उजळतं सगळं.
एकमेकांभोवती एक फेरी चौऱ्याऐंशी मिनिटांची.
हॅलिफॅक्सची बस जाऊन येते तेवढ्यात.

शेजारी आहे तो एकशे सत्तावीस.
म्हणजे बारा पॉइंट सात; नकाशात टिंब देत नाहीत,
टिंबालाही कुणी तारा समजेल म्हणून.
त्याचं काही घडत नाही.
त्याच्याशी ताडून आम्ही इतरांचं घडणं मोजतो.

फेब्रुवारीतला मंगळवार. बोटं बधिर.
कॅमेऱ्याने आकडा दिला, मी वाचला:
अकरा पॉइंट चार.
अर्नल्ड गप्प. थर्मासचं झाकण फिरवत राहिला.
मग म्हणाला, आणि एकशे सत्तावीस?
जिथल्या तिथे, मी म्हटलं.
मग खरं आहे.

चौथ्या रात्री वर्णपट मिळाला.
हायड्रोजनची तांबडी रेघ, तिला दोन शिंगं:
तबकडीची एक कड आपल्याकडे येणारी,
दुसरी लांब जाणारी.
अर्नल्डच्या नजरेचा मधला भाग गेलाय तीन वर्षांपूर्वी.
मंद तारा बघायचा तर त्याच्या बाजूला बघावं,
हे त्यानेच मला शिकवलेलं.
तो पडद्याकडे पाठ करायच्या बेतात वळला,
भिंतीवरच्या फावड्याकडे टक लावून म्हणाला,
हो. दोन आहेत.

पाचव्या रात्री छप्पर उघडलंच नाही.
मी वही मिटायला लागले.
थांब, तो म्हणाला,
ढग लिही.